थंडी सरासरीइतकी, कमी किंवा अधिक

पावसाचे भाकीत वर्तवण्याच्या कामी आमच्या पंचांगकर्त्यांनी जे धैर्य दाखवले आहे, ते पाश्चात्य शास्त्रज्ञांना अद्याप साधलेले नाही, असे माझे जुने मत आहे. अमुक नक्षत्राचे वाहन बेडूक, तमुक नक्षत्राचे वाहन उंदीर, असे एकदा छापून मोकळे झाल्यावर पंचांगकर्ता त्या बेडकाची आणि त्या उंदराची संपूर्ण जबाबदारी शिरावर घेतो; पाऊस पडला तर श्रेय बेडकाचे, न पडला तर वाचणाऱ्याने मागल्या वर्षीचे पंचांग उघडले असले पाहिजे, एवढाच त्याचा बचाव. ‘तेहतीस टक्के बेडूक, तेहतीस टक्के उंदीर आणि उरलेला गाढव’ अशी मोघम कबुलायत लिहून देऊन अंग काढून घेण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. अलास्का प्रांतातील फेअरबँक्स या गावी जाऊन आल्यानंतरही हे मत बदलण्याचे कारण मला दिसत नाही. उलट त्यास अमेरिकन सरकारच्या दफ्तरातला सचित्र व रंगीत पुरावा मिळाला आहे.

फेअरबँक्सच्या विद्यापीठात माझा भाचा बारमाही गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करतो. जमीन गोठलेली आहे हे एकदा कळल्यावर तिच्यात अभ्यासण्याजोगे आणखी काय उरते, हा प्रश्न त्याच्या मातुःश्री त्यास सातत्याने विचारत आल्या आहेत, आणि तोही त्यांना सातत्याने खुशाली कळवत आला आहे. “मामा, यंदाची दिवाळी आमच्याकडेच करा,” असे त्याचे आमंत्रण आले, तेव्हा आश्विनाच्या अखेरीस तिकडे हवा कशी असते आणि ऊबदार कपडे किती आणावेत, अशी साधी विचारणा मी केली. उत्तरादाखल त्याने अमेरिकन हवामानखात्याच्या भाकीत-केंद्राने काढलेला येत्या तिमाहीचा नकाशा धाडून दिला आणि खाली लिहिले, “यात सर्व आहे.”

त्या नकाशाची भाषा समजून घेण्यात माझी संध्याकाळ खर्ची पडली. मागील तीस वर्षांतील हिवाळ्याची तोंडे त्या खात्याने थंडीच्या अनुक्रमाने मांडून त्यांचे तीन समान वाटे केलेले असतात: दहा अतिथंड, दहा मध्यम व दहा त्यातल्या त्यात सौम्य. कोणतीच विशेष माहिती हाती नसेल, तर येणाऱ्या ऋतूस या तिन्ही वाट्यांत पडण्याची संधी समसमान, म्हणजे सुमारे 33 टक्के. काही माहिती असेल तर खाते एखाद्या वाट्याच्या पारड्यात चारदोन टक्के अधिक घालते, आणि माहिती मुळीच नसेल तेव्हा नकाशाचा तेवढा भाग कोरा ठेवून त्यावर ‘समान संधी’ असा शेरा मारते. आमच्या भाच्याच्या प्रांतावर फिकट निळा रंग होता आणि त्याचा अर्थ असा, की ऋतू सरासरीहून थंड जाण्याची शक्यता 40 टक्के आहे. म्हणजे शंभरांपैकी साठ वेळा हे भाकीत म्हणते तसे होणार नाही, असेही हेच भाकीत म्हणते! इतका प्रामाणिकपणा मी कोणत्याही सरकारच्या कोणत्याही खात्यात आजवर पाहिलेला नाही, आणि इतका निरुपयोगी प्रामाणिकपणाही नाही.

बरे, ज्या सरासरीभोवती हा सारा कारभार चालतो ती सरासरी तरी काय? ऑक्टोबरची उणे 4 अंश सेल्सियसच्या आसपास आणि नोव्हेंबरची उणे 16 च्या आसपास. तेव्हा नोव्हेंबर चार अंशांनी ‘सौम्य’ गेला, तर तो उणे 12 होणार, आणि तेथील वर्तमानपत्रे त्याबद्दल समाधान व्यक्त करणार. मी भाच्याला फोन करून विचारले, “अरे, ते राहू दे. स्वेटर किती आणू ते सांग.” तो म्हणाला, “असतील तितके आणा, मामा. इथे उतरलात की त्यांच्यावरून घालायला खरे कपडे देतो.”

पुण्याहून सिअ‍ॅटलपर्यंतचा प्रवास अनेकांनी लिहिला आहे आणि त्यात भर घालण्याजोगा एकही अनुभव विमान कंपनीने मला येऊ दिला नाही. पुढे उत्तरेकडे जाताना उजव्या हाताच्या सहप्रवाशाने खिडकीतून डेनाली शिखर दाखवले. ते 6190 मीटर उंच असून उत्तर अमेरिका खंडात त्याहून उंच काही नाही. त्याच्या पलीकडे विमान उतरू लागले तेव्हा खाली सपाट, करडे आणि निर्मनुष्य रान पसरले होते, आणि एवढ्या रानात नेमके येथेच गाव वसवण्याची बुद्धी कोणाला झाली असावी, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. चौकशीअंती समजले, की कोणालाच झाली नव्हती. 1901 साली बार्नेट नावाचा व्यापारी आपला माल आगबोटीवर लादून नदीच्या बऱ्याच वरच्या अंगास दुकान थाटण्यास निघाला होता. पाणी उथळ लागल्यामुळे कप्तानाने पुढे जाण्यास साफ नकार दिला आणि त्याला मालासकट चेना नदीच्या काठावर उतरवून बोट माघारी नेली. पुढच्या सालात फेलिक्स पेद्रो या इटालियन गृहस्थास जवळपासच्या ओढ्यात सोने सापडले, आणि बार्नेटच्या नाइलाजास दूरदृष्टीची प्रतिष्ठा प्राप्त झाली. उत्तर ध्रुववृत्त येथून सुमारे 190 किलोमीटरांवर आहे. 1934 च्या जानेवारीत या गावी उणे 54 अंश इतकी थंडी पडल्याची नोंद असून 1919 च्या जुलैत पारा 37 अंशांपर्यंत चढल्याचीही नोंद आहे. म्हणजे आमचा विदर्भ आणि यमलोक या दोहोंचा कारभार एकाच कचेरीतून चालतो.

विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहून मी थबकलो. प्रत्येकीच्या तोंडातून विजेची एक तार बाहेर लोंबत होती आणि तिच्या टोकाला प्लग होता, वेसण सोडलेल्या बैलासारखा. भाच्याने खुलासा केला, की कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठून पडू नये म्हणून त्याच्या पोटात शेगडी बसवलेली असते, आणि मोटार उभी केली की ती विजेला जोडून ठेवावी लागते. त्यासाठी कचेऱ्यांच्या आणि दुकानांच्या आवारांत ओळीने खांब रोवून त्यांवर विजेच्या जोडण्या दिलेल्या आहेत. मोटारींच्या चाकांना पोलादी खिळ्यांचे टायर लागले होते. ते कधी लावायचे आणि कधी उतरवायचे याबद्दल प्रांतिक कायदा आहे आणि त्याची मुदत येथे सप्टेंबरच्या मध्यापासूनच सुरू होते. हिवाळा कसा जाणार हे ठरवण्याचे काम हवामानखात्याने तीन वाट्यांवर टांगून ठेवले असले, तरी तो येणार याविषयी विधिमंडळाच्या मनात तिळमात्र संदेह नाही, हे मला आवडले.

भाच्याचे बिऱ्हाड गावाबाहेरच्या टेकडीवर, बर्च आणि स्प्रूस वृक्षांच्या रानात, एका लाकडी खोपटात होते. तेथे टेकडीवर राहणे हे श्रीमंतीचे नव्हे तर व्यवहारज्ञानाचे लक्षण समजले जाते. कारण हिवाळ्यात वारा जवळजवळ पडतो आणि जड झालेली थंड हवा उतारावरून घरंगळत दरीत जाऊन बसते, त्यामुळे वर राहणाराला खालच्यापेक्षा दहा-दहा अंश अधिक ऊब लाभते. उन्हाळ्यात थंड हवेसाठी महाबळेश्वरी चढणाऱ्या आम्हा लोकांचा भूगोल तेथे असा पालथा पडलेला आहे. खोपटात वीज होती, तेलावर चालणारी भट्टी होती आणि इंटरनेटही होते. नव्हता तो पाण्याचा नळ. या गावी अशी नळावाचूनची घरे सर्रास भाड्याने मिळतात आणि विद्यार्थी व संशोधक त्यांत आनंदाने राहतात, कारण नळ आणला तर तो गोठणार आणि गोठला की फुटणार. पाणी गावातून मोठाल्या कॅनमध्ये भरून मोटारीने आणायचे आणि काटकसरीने वापरायचे. “मामा, आपल्या पेठेत उन्हाळ्यात टँकर येतो तसंच धरा,” सूनबाई म्हणाली. मी म्हणालो, “अगं, टँकरमागे आम्ही भांडत तरी असू. तुम्ही इथे भांडायचं कोणाशी?”

आता अशा घरात जो विषय पाहुण्याच्या मनात सर्वप्रथम येतो आणि जो तो सर्वात शेवटी काढतो, त्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्याबाबत त्या प्रांताने मानवी संस्कृतीस दिलेल्या देणगीचा उल्लेख प्रवासवर्णनांतून व्हावा तसा होत नाही. शौचकूप घरापासून पंचवीसतीस पावलांवर, झाडीत, लाकडी आडोशाचा असतो. उणे 20 अंशांत लाकडी वा प्लॅस्टिकच्या बैठकीवर स्थानापन्न होण्याची कल्पना पुण्यातील कोणत्याही सुजाण नागरिकाच्या अंगावर काटा आणील. परंतु तेथील लोकांनी घराच्या भिंतींत ऊब राखण्यासाठी वापरतात त्या निळ्या फोमच्या जाड पत्र्यातून बैठक कापून काढली आहे, आणि हा पदार्थ अंगातील उष्णता ओढून घेत नसल्यामुळे स्पर्श होताक्षणी तो कोमट वाटतो. मी प्रथम भीत भीत आणि नंतर निःशंकपणे या वस्तूचा उपभोग घेतला. ज्या कोणा अज्ञात माणसाने ती पहिल्यांदा कापली, त्याचा पुतळा फेअरबँक्सच्या चौकात असावयास हवा होता. आहे तो नाही, आणि बसवावा अशी सूचना मी शेजारच्या गृहस्थांजवळ केली, तेव्हा पुतळ्याची मुद्रा कोणती ठेवावी या अडचणीपाशी ती तहकूब झाली.

हे शेजारचे गृहस्थ वृद्ध होते. तरुणपणी ते 1975 ते 77 या काळात तेलाच्या नळाच्या बांधणीवर कामाला आले. उत्तरेच्या समुद्रकाठापासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत सुमारे 1300 किलोमीटर गेलेला हा नळ पुरा झाला, तेव्हा बरेचसे मजूर परत गेले आणि हे मात्र ‘हा हिवाळा पाहून जाऊ’ म्हणून राहिले ते राहिलेच. भाकिताच्या नकाशाबद्दल त्यांचे मत विचारता त्यांनी अंगणाच्या कडेच्या वाळक्या दांड्यांकडे बोट दाखवले. फायरवीड नावाची ही वनस्पती उन्हाळ्यात खालून वर अशी गुलाबी-जांभळी फुलत जाते आणि शेंड्याचे फूल उमलले, की सहा आठवड्यांत बर्फ, असा तिकडचा परंपरागत ठोकताळा आहे. “यंदा ती केव्हा फुलून संपली?” मी विचारले. “ऑगस्टात.” “मग सहा आठवड्यांत बर्फ पडला?” “छे! ऑक्टोबर अर्धा उलटला तेव्हा पडला. त्यात फायरवीडची काय चूक?” कावळ्याने घरटे कोणत्या फांदीवर बांधले आणि टिटवीने अंडी कोठे घातली, यावरून मृगाचा हिशेब मांडणाऱ्या माझ्यासारख्या माणसास हे उत्तर ऐकून त्या वृद्धाविषयी आप्तभाव उत्पन्न झाला. आमचे खरे मतभेद तपमानावर होत. मी सेल्सियसमध्ये कुरकुर करी आणि ते फॅरनहाइटमध्ये समाधान मानीत. शेवटी ते म्हणाले, “उणे 40 ला दोन्ही मापांचा आकडा एकच येतो. जानेवारीपर्यंत थांबा, आपले एकमत होईल.”

1992 च्या सप्टेंबराची आठवण मात्र त्यांनी गंभीरपणे सांगितली. त्या साली झाडांची पाने गळण्याआधीच विक्रमी बर्फ कोसळले, पानांवर साचलेल्या ओझ्याने फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडल्या आणि गाव अंधारात गेले. तरीही त्यांच्या लेखी गावावर कोसळलेली खरी आपत्ती ती नव्हे, 2010 च्या नोव्हेंबरातली! मी कान टवकारले. त्या आठवड्यात, ते म्हणाले, पाऊस पडला. मी पुढील तपशिलाची वाट पाहत राहिलो, पण तपशील तेवढाच होता. गोठलेल्या रस्त्यांवर पावसाचे पाणी पडताच सर्वत्र काचेसारखा बर्फ झाला, शाळा व कचेऱ्या काही दिवस बंद राहिल्या, मोटारी जागच्या जागी घसरू लागल्या. ज्या गावात थर्मामीटर उणे 20 फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 29 सेल्सियसच्या खाली जाईपर्यंत मुलांना मधल्या सुट्टीत मैदानावर खेळायला पाठवतात, ते गाव पावसाच्या चार सरींनी ठप्प व्हावे, हे ऐकून पुण्याच्या महानगरपालिकेविषयी माझ्या मनात साचलेले किल्मिष बरेचसे धुऊन निघाले.

याच सुमारास नकाशावरील फिकट निळ्या रंगाचे कुळ शोधण्याची बुद्धी मला झाली आणि त्यातून जे निघाले, ते मी अपेक्षिले नव्हते. भाचा म्हणाला, “यंदा ‘ला निना’ची चिन्हं आहेत, मामा, म्हणून तो रंग.” विषुववृत्ताजवळचा पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड पडला, की अलास्काच्या दक्षिणेस असणारा कमी दाबाचा हिवाळी पट्टा दुबळा होतो, त्याच्यामुळे समुद्रावरून येणारी उबदार हवा घटते आणि अंतर्भागात थंडीचे पारडे किंचित जड होते. आणि समुद्राच्या या दोन टोकांमधील हवेच्या दाबाचा झोपाळा प्रथम कोणी ओळखला? हिंदुस्थानच्या वेधशाळांचे मुख्याधिकारी सर गिल्बर्ट वॉकर यांनी! 1904 साली हे केंब्रिजचे गणिती शिमल्याच्या कचेरीत रुजू झाले ते आमचा मोसमी पाऊस आगाऊ सांगता येतो का, हे पाहण्यासाठी. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते, म्हणून त्यांनी देशी कारकुनांच्या फौजेकडून जगभरच्या दाबाचे, पावसाचे व तपमानाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावयास लावले. त्या गुणाकार-भागाकारांतून मोसमी पावसाचे खात्रीचे भाकीत काही निघाले नाही. निघाले ते प्रशांत महासागराचे गुपित. 1924 मध्ये वॉकरसाहेब निवृत्त होऊन विलायतेस गेले आणि 1928 मध्ये ती शिमल्याची कचेरी पुण्यास आली. शिवाजीनगरातील तिच्या इमारतीस लोक अजूनही शिमला ऑफिस म्हणतात आणि तिच्यासमोरच्या चौकात मी बसची वाट पाहण्यात तारुण्याचा मोठा भाग घालवला आहे. साहेबांना बूमरँग फेकण्याचा नाद होता आणि शिमल्याच्या मैदानावर ते त्याचे प्रयोग करीत, असे सांगतात. आमचा पाऊस हेरण्यासाठी त्यांनी फेकलेले हत्यार शंभर वर्षांनी अलास्कात पडलेले पाहून मला त्या छंदाचा मोठा उलगडा झाला. फेअरबँक्सच्या भाकितात पुण्याचा काही हक्क निघतो, ही बाब मी शेजारच्या गृहस्थांच्या कानावर घातली. ते म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, थंडी कशी पडेल?” मी म्हणालो, “40 टक्के.”

तेथील ऑक्टोबर हा सरकारी दृष्टीनेही मोठा गोड महिना आहे. 1867 सालच्या 18 ऑक्टोबरला रशियाने 72 लाख डॉलरांत विकलेला हा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात आला, म्हणून त्या दिवशी सुट्टी असते. त्या हस्तांतराच्या वेळी रशियन पंचांग जाऊन अमेरिकन पंचांग आले आणि वाररेषाही सरकली, त्यामुळे तेथील लोकांना शुक्रवारामागून पुन्हा शुक्रवारच भोगावा लागला. दोन शनिवार आले असते तर माझी तक्रार नव्हती. परंतु खरा सण म्हणजे तनख्याचा. तेलाच्या उत्पन्नाचा हिस्सा एका कायमच्या निधीत टाकण्याची तजवीज 1976 मध्ये घटनेतच करून ठेवलेली असून 1982 पासून त्यातून दरसाल प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या मुलासकट, लाभांश मिळतो. पहिल्या साली तो माणशी 1000 डॉलर होता. अट एवढीच, की माणसाने संपूर्ण एक वर्ष तेथे राहिलेले असावे. रक्कम सामान्यतः ऑक्टोबरात हाती पडते आणि टायर, जळाऊ लाकूड व भट्टीचे तेल विकणाऱ्यांच्या दारी ती जमा होते. ही रयतेला दिलेली इनामी वार्षिकी आहे असे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात; माझ्या मते तो राहिल्याबद्दलचा मुशाहिरा आहे, आणि अपुरा आहे.

थंडी कशी पडणार याची विवंचना मनुष्यांनाच असते असे नाही. गावालगतच्या जुन्या गोठ्याच्या कुरणावर, जे आता पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे, सप्टेंबरात हजारोंनी जमणारे क्रौंचकुळातले पक्षी मी पोहोचण्यापूर्वीच दक्षिणेस रवाना झाले होते. मात्र शहरातून वाहणाऱ्या चेना नदीचा थोडा भाग वीजघराच्या कोमट पाण्यामुळे भर हिवाळ्यातही गोठत नाही, आणि तेवढ्या जागेचा आश्रय करून शेकडो बदके तेथेच ठाण मांडून राहतात. पुलावरून त्यांच्याकडे पाहताना बदलीचा हुकूम रद्द करून घेतलेल्या मामलेदारांचे समाधान मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ऑक्टोबरअखेरीस भुतांचे सोंग घेऊन दारोदार खाऊ मागण्याचा जो सण तिकडे पाळतात, त्यात या गावच्या आया मुलांचे पोशाख दोन माप मोठे शिवतात, कारण आत थंडीचा जाड डगला मावला पाहिजे. आमच्या दारी आलेला एक हाडांचा सापळा इतका गुबगुबीत होता, की सूनबाईने त्याला चॉकलेटऐवजी बेसनाचा लाडू दिला आणि त्याने तो तत्काळ खाल्ला.

याच संधिकालात नरक चतुर्दशी आली. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान न करणारा नरकास जातो, या शास्त्राज्ञेचा धाक बाळपणापासून माझ्या झोपेवर पडलेला आहे; परंतु त्या दिवसांत फेअरबँक्सचा सूर्य सकाळी साडेनऊच्या सुमारास उगवत असल्यामुळे आठ वाजेपर्यंत निजूनही स्वर्गाचा हक्क शाबूत राहतो, हा शोध लागताच मी त्या भूमीचे सारे अपराध माफ केले. अडचण पाण्याची होती. नळ नसलेल्या घरांतील लोक स्नानासाठी गावातील धुलाईघरात जातात, जेथे कपड्यांच्या यंत्रांच्या पलीकडे पैसे भरून वापरावयाच्या न्हाणीघरांची रांग असते. तिळाचे तेल, उटण्याची पुडी आणि मोती साबण रुमालात बांधून आम्ही अंधारात निघालो. उटण्याचा कचोरा-चंदनी वास दाराबाहेर जाताच तेथील सेविकेने काळजीने विचारले, की आत काही जळते आहे काय? भाच्याने तिला नरकासुराची कैफियत थोडक्यात सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि वेळ संपत आल्यास आणखी नाणी लागतील, एवढेच सांगितले. पायाखाली चिरडावयास कारीट नव्हते. सूनबाईने सप्टेंबरात रानातून वेचून गोठवून ठेवलेली तांबडी आंबट बोरे दिली. पण डाव्या पायाच्या अंगठ्याने मी जोर लावला तरी ती फुटेनात आणि तीनपैकी दोन नरकासुर घरंगळत मोटारीखाली निघून गेले.

ओल्या कानांवर टोपी ओढून आम्ही परत निघालो तेव्हा पूर्वेकडे फटफटले होते. पण ते फटफटणे काही केल्या संपेना. आमच्याकडे उषा येते न येते तोच अरुण तिला बाजूस सारतो. येथे तिची स्वारी क्षितिजावर आडवी रेंगाळत होती. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील उषेच्या सूक्तांचा हवाला देऊन आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवानजीक असल्याचे प्रतिपादले, त्यातील मोठा आधार दीर्घकाळ टिकणाऱ्या पहाटेचा होता. तो ग्रंथ मी वाचलेला असल्यामुळे माझ्या रक्तातील काही तरी या प्रसंगी जागे व्हावे, आपण पूर्वजांच्या अंगणात उभे आहोत असा भास व्हावा, म्हणून मी काही वेळ मोटारीबाहेर उभा राहिलो. पुढील विद्वानांनी तो सिद्धान्त मान्य केला नाही; माझ्या गुडघ्यांनीही केला नाही.

सूर्य रोज जवळजवळ सात मिनिटांनी आपला मुक्काम आखडता घेत होता. डिसेंबरच्या संक्रमणाला तो पावणेचार तासांहूनही कमी वेळ टिकतो. अंधाराचे हे वाढते राज्य ज्या एका गोष्टीसाठी सोसावे, ती म्हणजे उत्तरेकडील ज्योती. तिचेही भाकीत विद्यापीठाची भूभौतिक संस्था वर्तवते, आणि ते नकाशाच्या मानाने बरेच धीट असते. भाकिताप्रमाणे ज्या रात्री ती दिसावयाची होती, त्या रात्री आम्ही सर्वजण कुडकुडत अंगणात उभे राहिलो, ढग होते. ज्या रात्री ती येण्याची विशेष आशा नव्हती, त्या रात्री मी निळ्या बैठकीवर एकटाच बसलो असता, अर्धवट उघड्या दारातून समोरच्या स्प्रूसच्या शेंड्यांवर हिरवा पट्टा उमटला, हलला, दुभंगला, आणि पाहता पाहता त्याच्या कडांना गुलाबी झालर फुटून ती अर्ध्या आकाशावर पसरली. हाक मारावी तर परिस्थिती हाक मारण्याची नव्हती. ऊब राखणाऱ्या फोमचा आणि हिवाळी आकाशाचा असा संयुक्त अनुभव मी त्यानंतर कोणाजवळ पुरेशा गांभीर्याने सांगू शकलेलो नाही.

जानेवारीत भाच्याचे पत्र आले. तिमाहीचा हिशेब लागला होता आणि त्याच्या टेकडीवरची थंडी मधल्या वाट्यात, म्हणजे सरासरीइतकीच पडली होती, ज्याच्या बाजूने ना नकाशा होता, ना फायरवीड, ना शेजारचे गृहस्थ. खात्याने मात्र कोठेही अन्यथा म्हटले नव्हते. वाचकांपैकी कोणी दिवाळीच्या सुमारास तिकडे जाणार असतील, त्यांनी लोकरीच्या कपड्यांची यातायात करू नये. ते तिकडे मिळतात, आणि आपण येथून नेलेले तेथे आतले कपडे म्हणून गणले जातात. नेण्याजोगे म्हणजे उटणे, तिळाचे तेल आणि चकलीची भाजणी. कारीट नेऊ नये. ताजी फळे जकातीवर अडवतात.